धुरपदाबाई गाडीत बसत नाहीत

हिलालकडे स्वतःची ॲम्बेसिडर होती आणि हिलालची बायको एसटीने गावाला जायची. सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की नळाला पाणी किती वाजता येतं ते त्याला आधी कळायचं आणि पाठोपाठ ही बातमी. मी रघुनाथ, जिंतूरचा माणूस, पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये कारकून. हिलालच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो म्हणून या भानगडीत ओढला गेलो. नाहीतर मला गाड्यांमधलं एवढंच कळतं की दार आपटून लावायचं असतं.

हिलाल धुळे जिल्ह्यातला, साक्रीच्या पुढच्या एका खेड्यातला. वीस वर्षं त्याने कापडाच्या लूमवर काढली, आधी कारागीर म्हणून आणि मग जॉबर म्हणून. लूम बिघडला की जॉबरला हाक जाते. तो येतो, पान्याने दोन ठिकाणी ठोकतो, लूमच्या आईबापाचा उद्धार करतो आणि लूम चालू होतो. त्या खडखडाटात हिलालचा डावा कान कामातून गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता, त्यामुळे तो बायकोशी गुपित बोलला तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं. माणूस दिलदार. हातात कला होती, पण अक्कल हातातच राहिली, वर डोक्यापर्यंत कधी चढली नाही. हे मी त्याच्या तोंडावर बोललेलो आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

गाडी त्याला कारखान्याच्या शेठकडून मिळाली. शेठने मारुती घेतली आणि आपली चौऱ्याहत्तर सालची पांढरी ॲम्बेसिडर हिलालच्या गळ्यात मारली, तीही असा आव आणून की जणू पोटची मुलगीच दिली. हिलालही ती जावयाच्या थाटात मिरवत घेऊन आला. रविवारी तो सोसायटीच्या हौदाजवळ तिला आंघोळ घालायचा. धुरपदाबाई वरून बघायच्या आणि म्हणायच्या, "पाठ बी घसा तिनी." पण तेव्हा त्या गाडीत बसायच्या. पुढच्या सीटवर बसून काच खाली करून ऐटीत जायच्या.

मग एक्क्याण्णव सालचा श्रावण आला. खानदेशी माणसाला दिवाळीची सुट्टी नाही मिळाली तर तो शेठला दोन शिव्या देऊन गप्प बसेल, पण कानबाई देवीच्या सणाला तो लूम बंद करून गावी जातो म्हणजे जातोच. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, गव्हाचे रोट होतात, कलशावरच्या नारळाला नथ घालून रविवारी देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. त्या वर्षी हे सगळं यथासांग करून हिलाल आणि धुरपदाबाई सुरतला परतत होते. कोंडाईबारीच्या घाटात, उतारावर, हिलालने ब्रेक दाबला आणि त्याचा पाय थेट खाली पत्र्याला टेकला. ब्रेक ऑईल महिनाभर गळत होतं आणि हिलालला ते माहीत होतं. सोसायटीत गाडी उभी केली की तो खाली डालड्याचा डबा लावून ठेवायचा आणि सकाळी तेच तेल वर ओतायचा. गाडीने दोन वळणं कशीबशी घेतली आणि ती रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात जाऊन रुतली. धुरपदाबाईंच्या बांगड्या फुटल्या, कपाळाला खोक पडली. बाकी कुणाला काही झालं नाही.

त्या दिवसापासून धुरपदाबाई गाडीत बसल्या नाहीत. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, कारणही सांगितलं नाही. "मी नही बठनार," एवढंच म्हणाल्या आणि पाच वर्षं तेवढंच म्हणत राहिल्या.

दरवर्षी श्रावणात मग तो सोहळा व्हायचा. धुरपदाबाई लाल एसटीत खिडकीशी, आणि एसटीच्या मागे धूर खात हिलालची ॲम्बेसिडर, आत बसलेले चुलते, मामे आणि त्यांची पोरं. नवापूरच्या स्टँडवर गाडी थांबली की हिलाल चहाचा ग्लास घेऊन एसटीच्या खिडकीखाली उभा राहायचा. बाई चहा प्यायच्या, ग्लास परत द्यायच्या, आणि वरात पुढे निघायची. कंडक्टर लोकांना ही जोडी ओळखीची झाली होती. एकाने तर हिलालला विचारलंही होतं की तुमच्या गाडीत बाईंची काही उधारी राहिलीय का.

हिलालने मनाशी एकच हिशोब बांधला होता. ब्रेक गेला म्हणून बाई घाबरल्या, ब्रेक सुधारला की बाई बसतील. त्याने लायनर बदलले, पाइप बदलले, डालड्याचा डबाही फेकून दिला. बाई ढिम्म. पंचाण्णवच्या कानबाईला भाऊबंदकीतले सगळ्यांत मोठे बळीराम आप्पा चार माणसांत बोलले, "काय रे हिलाल, भाऊबंदकी गाडीमा आनि घरनी लक्ष्मी एस्टीमा?" सगळे हसले. हिलालही हसला, पण त्याचं हसणं त्याच्या मिशीच्या वर चढलं नाही. परत आल्यावर तो मला म्हणाला, "रघुनाथभाऊ, पुढल्या कानबाईले ती मना शेजारी बठनार. नहीतर गाडी भंगारमा." गाडी भंगारात घालण्याची गोष्ट हिलालच्या तोंडून आली, तेव्हा मला कळलं की त्याला किती लागलंय ते.

कतारगामला लवजीभाई नावाचा काठेवाडी मिस्त्री होता. पूर्वी तो हिऱ्याच्या घंटीवर बसायचा. घंटी म्हणजे ती गरगर फिरणारी पोलादी तबकडी, तिच्यावर हिरा घासतात. मंदीत हिरे गेले आणि लवजीभाई गाड्यांकडे आला, पण सवयी घेऊन आला. तो ब्रेकचा ड्रमसुद्धा डोळ्याला भिंग लावून तपासायचा. गाडी जॅकवर चढवून त्याने चारी चाकं पाहिली आणि हिलालला म्हणाला की या जुन्या ड्रमात कितीही जीव ओतला तरी घाटात ते तापणार आणि पकड सोडणार. पुढच्या दोन चाकांना डिस्क बसव, वर बूस्टर बसव, म्हणजे पाय नुसता ठेवला तरी गाडी उभी राहील. मग भिंतीला टेकवलेली जुनी घंटी दाखवून म्हणाला, "आ घंटी ने डिस्क, बेय बेनु छे." दोघी बहिणी. एकीवर हिरा दाबतात, दुसरीवर पॅड.

हे हिलालच्या काळजाला भिडलं, कारण त्याची स्वतःची समजूतही यंत्रावरूनच बेतलेली होती. आडवा धागा नेणारा धोटा पळत असताना धागा तुटला की चांगला लूम जागच्या जागी थांबतो, एक इंच पुढे जात नाही. गाडीने तसंच थांबायला हवं, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, "हिलालभाऊ, लूममध्ये माणसं बसलेली नसतात." त्याने तो डावा कान माझ्याकडे केला.

पुढचे दीड महिने तो सुट्टीच्या दिवशी भंगार धुंडाळत फिरला. भेस्तानकडे एका भंगारवाल्याकडे ठोकरलेली काँटेसा गाडी होती. तिच्या पुढच्या डिस्क, कॅलिपर आणि बूस्टर त्याने काढून आणला, वर्तमानपत्रात गुंडाळून, लोक मिठाई आणतात तसा. लवजीभाईने प्रत्येक डिस्क भिंगाखाली धरली. एकीवर त्याला डाग दिसला, ती परत पाठवली. दुसरी मिळाली, ती पास झाली. आता ती ॲम्बेसिडरला जुळेना, मध्ये एक कडं लागत होतं. हिलालने ते लूमचे भाग बनवणाऱ्या एका लेथवाल्याकडून कातून घेतलं. चार वेळा ते चुकलं आणि पाचव्यांदा बसलं. तोवर सोसायटीत गाडी विटांवर उभी होती आणि तिच्याखाली एका कुत्रीने चार पिल्लं घातली.

सगळं जोडून झालं तसं पाइपांतली हवा काढायचं काम आलं. त्याला दोन माणसं लागतात. एक खाली झोपून चाकापाशी स्क्रू सैल करतो, दुसरा वर बसून ब्रेक दाबतो. दुसरा मी. "पंप मारो," लवजीभाई खालून ओरडायचा, मी तीनदा दाबायचो. "दाबी राखो," मग मी दाबून धरायचो, खाली तेल आणि बुडबुडे निघायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक अख्खा रविवार मी हे केलं. सोमवारी ऑफिसात जिना चढताना माझी पोटरी अशी धरली की साहेबांनी मला पाणी पाजून खुर्चीत बसवलं. ब्रेकचं काय झालं ते त्यांना समजावून सांगण्यात मी पडलो नाही.

आता चाचणी. कानबाईला तीन दिवस राहिले होते, म्हणजे तो गुरुवार. धुरपदाबाई गाडीत बसणार नाहीत हे तर ठरलेलंच होतं, पण हिलालला बघायचं होतं की ब्रेक मारल्यावर पुढच्या सीटवरच्या माणसाचं काय होतं. मी म्हणालो, वाळूचं पोतं ठेव. तो म्हणाला, घरच्या बाईच्या जागी वाळू ठेवू का? मग त्याने जे केलं ते फक्त खानदेशी नवराच करू शकतो. त्याने तिथे रोटाचे गहू ठेवले.

आता हे गहू म्हणजे साधे गहू नव्हेत. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा माप, ज्याच्या नावाचं माप त्याच्याच घरून आलेलं. यांची भाऊबंदकी आता गावापेक्षा सुरतेत जास्त, लिंबायत, उधना, पांडेसरा, सगळीकडे पसरलेली. पस्तीस घरांतून धुरपदाबाईंनी ते गोळा केले होते, धुतले होते, गच्चीवर कोरड्या वस्त्रावर वाळवले होते, आणि पोत्याचं तोंड नव्या सुतळीने शिवून हिलालला सांगितलं होतं की सरळ अमरोलीच्या चक्कीवर जा, वाटेत बिडी पेटवू नको, पोत्याला पाय लावू नको. पोतं वजनाला बाईंच्या जवळपास होतं. हिलालला त्यात देवाचा संकेत दिसला.

त्याने पोतं पुढच्या सीटवर उभं केलं, चक्कीकडे न जाता पूल ओलांडला आणि पलसाण्याच्या हायवेला लागला. मी मागे बसलो होतो. प्रोसेस हाऊसच्या नाल्यांतून त्या दिवशी जांभळं पाणी वाहत होतं. रस्ता मोकळा मिळाला. हिलालने गाडी साठपर्यंत नेली, मला म्हणाला, "धरी बठा," आणि ब्रेक मारला.

बावीस वर्षांच्या त्या गाडीचा ब्रेक म्हणजे आजवर कसरत होती. पहिल्या दाबात काही नाही, दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात पूर्ण ताकद लावून उभं राहायचं, तेव्हा गाडी विचार करायला लागायची. हिलालचा पाय त्याच शाळेत शिकलेला. नव्या ब्रेकवर त्याने पहिलाच दणका तिसऱ्या दणक्याच्या ताकदीने घातला. गाडी जागच्या जागी थांबली, अगदी लूमसारखी. आतलं सामान मात्र साठच्या वेगाने पुढे गेलं. माझं नाक पुढच्या सीटच्या पाठीला लागलं. पोतं उडालं, पुढच्या कप्प्याच्या मुठीत अडकलं, उभं फाटलं, आणि पस्तीस घरांचे गहू गाडीभर झाले. पायपुसण्यावर, पेडलखाली, बिड्यांच्या थोटकांत, लवजीभाईच्या तेलकट चिंध्यांवर.

"पाह्यलं? पाह्यलं का?" हिलाल नाचत होता. "एक इंच पुढे नही गयी!" मी नाक धरून त्याला खाली बोट दाखवलं. त्याने खाली पाहिलं. त्याच्या चपलेखाली गहू होते. तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मला माझ्या नाकाचा विसर पडला.

आम्ही सोसायटीत परतलो तेव्हा धुरपदाबाईंनी गाडीत डोकं घालून पाहिलं.  हिलाल म्हणाला, "पन ब्रेक देख ना, कितला भारी..." त्या वळून घरात गेल्या. हिलाल खाली गाडीतले गहू वेचत बसला, आणि मी नाकाला बर्फ मागायच्या निमित्ताने त्यांच्या मागे गेलो, कारण मला राहवेना. पाच वर्षांचं ते कोडं होतं आणि त्यासाठी माझं नाक फुटलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याने जीव तोडून केलंय हो. आता ब्रेक खरंच चांगला आहे. कशाची भीती वाटते तुम्हाला?"

त्या हसल्या. "भीती कसानी, भाऊ? मले ब्रेकनी भीती कधीच नव्हती."

मग त्यांनी सांगितलं. घाटात गाडी खडीत रुतली तेव्हा हिलाल दार उघडून खाली उडी मारून उतरला. त्याने आधी बंपर पाहिला. मग वाकून दिवे पाहिले. मग बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला. आणि मग त्यांच्या खिडकीशी येऊन विचारलं, तुले काय लागनं का? तोवर कपाळातून रक्त त्यांच्या पदरावर आलं होतं.

"मना नंबर चौथा व्हता," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी मोजी राहिंती." मग म्हणाल्या, "ब्रेक तो काय, पैशानी येस. हाई पैशानी येत नही."

मी म्हणालो, मी आत्ता जाऊन त्याला सांगतो. त्यांनी मला असं रोखलं की मी दारातच थांबलो. म्हणाल्या, सांगितल्यावर तो काय, उद्यापासून रोज सकाळी विचारेल, लागनं का, लागनं का, आणि मला त्याचा काही उपयोग नाही, त्याच्या मनातून यायला पाहिजे. "तुमी बोलशात तर आपलं बोलनं बंद," असंही त्या म्हणाल्या. मला त्यांच्या हातची शेवभाजी प्रिय आहे. मी गप्प राहिलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला हिलालचा राग आला, आणि त्याची कीवही.

सांडलेले गहू रोटाला चालणार नव्हते. बाईंनी नव्याने सुरुवात केली. त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी दिवसभर त्या पस्तीस घरं हिंडल्या आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना सांगावं लागलं की आधीच्या गव्हांचं काय झालं. सांगताना त्यांनी नवऱ्याचं नाव कुठेही घेतलं नाही, पोतं फाटलं एवढंच म्हणाल्या. पण जॉबर लोकांत बातमी लपत नाही. लिंबायतमध्ये कुणीतरी विचारलं की कानबाई यंदा पलसाण्यालाच बसवली का. शनिवारी दळण होऊन पिठाची गोणी घरी आली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते, आणि सकाळची एसटी केव्हाच गेली होती. पुढच्या गाडीच्या दारात माणसं लोंबकळत होती. अख्खा खानदेश गावी निघालेला. त्या गर्दीत रोटाचं पीठ न्यायचं म्हणजे शंभर लोकांचे पाय त्याला लागणार.

धुरपदाबाई स्टँडवरून परत आल्या. ॲम्बेसिडरचं मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं, सीट ओल्या फडक्याने तीनदा पुसली, पिठाची गोणी तिच्यावर उभी केली आणि तिला हात लावून शेजारी बसल्या. हिलालच्या तोंडाचा आ झाला. तो काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी गाडीमा नही बठेल. पीठ गाडीमा बठेल शे. मी पीठनाजोडे शे."

हे शास्त्र माझ्या डोक्यावरून गेलं. हिलालने मात्र मान डोलावली. मला म्हणाला, "तुमी बी चला रघुनाथभाऊ, पुढे बठा." मला वाटतं त्याला भीती होती की ते दोघंच असले तर काहीतरी बोलावं लागेल. त्या दिवशी त्याने गाडी चाळिशीच्या वर नेली नाही आणि ब्रेकला नुसता अंगठा लावला. बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या नाहीत, एवढंच. घाट चढून आम्ही अंधार पडायच्या आत पोचलो, पीठ उतरलं, आणि बाई म्हणाल्या, "पीठ पोची गयं." गाडीबद्दल एक शब्द नाही.

कानबाई छान झाली. रोट झाले, नथीतली देवी नदीवर जाऊन आली, हिलाल ढोलापुढे नाचला आणि दोनदा पडला. त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बॉनेट उघडून बूस्टर दाखवला. बळीराम आप्पांनी तो काळा गोल डबा पाहिला आणि विचारलं, यात काय शिजवतात? मला मात्र सगळीकडे बायकोकडे बघणारा हिलाल दिसत होता. तो डिस्क दाखवत होता लोकांना, आणि कान लावून होता तो तिकडे, चुलीपाशी. तेही त्या अर्ध्या कानाने.

मंगळवारी परत निघायचं तेव्हा पीठ नव्हतं. एसटीला जागाही होती. धुरपदाबाई स्टँडवर उभ्या राहिल्या, हातात रोटाचं गाठोडं. सुरतेत लूमवरची पाळी सुटली नाही म्हणून जे येऊ शकले नाहीत त्या घरच्यांसाठी ते होतं, आणि हा रोट भाऊबंदकीच्या बाहेर कुणाच्या हाती जाऊ देत नाहीत. एसटी आली, थांबली. बाईंनी एसटीकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, आणि मग मलाच म्हणाल्या, "एस्टीमा परके लोके ऱ्हातस." मी म्हणालो, हो ना, फार परके. यापेक्षा जास्त बोललो असतो तर त्या एसटीत चढल्या असत्या. मागची सीट चुलत्यांनी दिलेल्या भोपळ्यांनी, ज्वारीने आणि माझ्याने भरली होती. त्यामुळे त्या पुढे बसल्या, दाराला चिकटून, गाठोडं मांडीवर धरून. हिलालने गाडी सुरू केली.

घाटात भुरभुर पाऊस होता, रस्ता ओला. आमच्या पुढे केळ्यांचा एक ट्रक आणि मागे कांद्याचा टेम्पो. हिलाल पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवून उतरत होता. एका वळणावर शेळ्यांचा कळप रस्त्यावर उतरला, पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक लावला, आणि ते सगळं अंतर एका क्षणात संपलं. हिलालने ब्रेक मारला. गाडी थांबली. मी शपथेवर सांगतो, ट्रकच्या फाळक्यात आणि आमच्या बंपरात हातभर जागा होती, आणि केळी मोजता येत होती. लवजीभाईच्या घंटीच्या बहिणीने काम केलं होतं.

आणि मग मागून दणका बसला. टेम्पोला डिस्क नव्हती.

एक भोपळा माझ्या डोक्यावरून पुढे गेला. डिक्कीचा पत्रा चुरगळल्याचा आवाज असा आला की हिलालच्या डाव्या कानालाही ऐकू गेला असेल. मी सावरून पाहिलं. हिलालचा उजवा हात स्टिअरिंगवर होता आणि डावा आडवा, धुरपदाबाईंच्या छातीसमोर, लूमचा पट्टा ताणावा तसा ताठ. तो हात त्याने केव्हा टाकला ते मला दिसलं नाही. त्यालाही माहीत नसावं.

"लागनं का तुले?"

 त्याने त्यांचं कपाळ पाहिलं, हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, दोन्ही हातांच्या बांगड्या पाहिल्या. "धुरपदा, लागनं का? बोल ना." मागे माझ्या मांडीवर ज्वारीचं पोतं आणि खांद्यावर भोपळ्याचा गर होता, पण मला कुणी विचारलं नाही.  

टेम्पोवाला धावत आला आणि काच वाजवायला लागला. घाबरलेला होता, म्हणून भांडत होता. "अरे भाईसाब, ऐसे कौन रुकता है? ॲम्बेसिडर कभी ऐसे रुकती है क्या? डिक्की गयी आपकी, बाहर आके देखो!"

"थांब रे!" हिलाल त्याच्याकडे न बघता ओरडला. त्याचा पाय अजून ब्रेकवरच होता. "गाडीनं काय देखनं? पहिले हिले देखू दे." आणि पुन्हा, तिसऱ्यांदा, "लागनं का तुले?"

धुरपदाबाईंनी तो आडवा हात हळूच खाली घेतला आणि क्षणभर आपल्या हातात धरून ठेवला. माझ्या देखत. मी भोपळ्याकडे पाहिलं.

"मले काय व्हयनं नही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी रोटाचं गाठोडं नवऱ्याच्या मांडीवर दिलं, दार उघडून पावसात उतरल्या, मागे जाऊन डिक्की पाहिली, आणि त्या टेम्पोवाल्याला अहिराणीत जे काही सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही, कारण अर्धं मला समजलं नाही आणि उरलेलं अर्धं छापता येणार नाही. शेळीवालासुद्धा शेळ्या सोडून ऐकत उभा राहिला. टेम्पोवाल्याने शेवटी हात जोडले, डिक्कीचं झाकण स्वतःच्या दोराने बांधून दिलं आणि वर कांद्यांची एक पिशवी दिली. ती त्यांनी घेतली.

परत येऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. दाराला चिकटून बसायला आता काही कारण राहिलं नव्हतं. हिलाल अजून गाठोडं धरून तसाच बसला होता.

"चला ना आते," त्या म्हणाल्या. "आनि तुमना त्या लवजीभाईले सांगा, पहिले त्या टेम्पोले ब्रेक बसाडी दे म्हना."